झेंडा कोण धरणार

रान्वाने विदारेई गावाच्या रस्त्यावर पहिल्यांदा चादर फडकवली, तेव्हा मेंढ्यांनीसुद्धा चरणं थांबवून वर पाहिलं. वल्ह्याच्या जुन्या दांड्याला बांधलेली पांढरी चादर, दांड्याचं टोक टेकवायला कमरपट्ट्याला शिवून घेतलेली चामड्याची वाटी, एक हात दांड्यावर आणि दुसऱ्या हातात कुबडी. उजवा पाय जन्मापासूनच गुडघ्याखाली नाही, तिथे कृत्रिम. चर्चपासून धक्क्यापर्यंत न पडता जायचं, असा तिचा बेत होता. वाऱ्याने तिला दोन घरं ओलांडण्याआधीच एका कुंपणावर नेऊन आपटलं.

"कपडे वाळत घालायची नवीन तऱ्हा का गं ही?" हाइनीने विचारलं. गावाच्या शर्यतीच्या होडीचा हा म्हातारा तांडेल. वल्हं त्याच्याकडूनच मागून आणलेलं.

"झेंडा धरायला शिकतेय."

"शीक की. पण वल्हं मोडलंस तर घरी येऊन भांडेन. झेंडे छप्पन्न मिळतील, असलं लाकूड मिळायचं नाही." एवढं बोलून त्याने तिला बखोटीला धरून उभं केलं आणि चादरीची सुटलेली गाठ स्वतःच घट्ट केली.

आम्हा फेरो बेटांवरच्या लोकांचं एक जुनं दुखणं आहे: आमची बेटं डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. आमचा पोहणारा माशासारखा चपळ असला तरी ऑलिंपिकला त्याने डेन्मार्कचा म्हणून जायचं आणि त्यांच्या पांढऱ्या क्रुसाच्या लाल झेंड्यामागून मुकाट चालायचं. छोट्या बेटांच्या आपसातल्या स्पर्धांत आम्ही आमच्या नावाने उतरतो, पण तो घरचा मामला, जग काही बघायला येत नाही. उरलं पॅरालिम्पिक. तिथे मात्र ऐंशीच्या दशकापासून आमचा पांढरा झेंडा, त्यावरच्या निळ्या काठाच्या लाल क्रुसासकट, मोठमोठ्या देशांच्या रांगेत चालत आला आहे. म्हणजे धडधाकट माणसाला देश नाही, आणि ज्याचा हात, पाय नाहीतर डोळा अधू, त्याला आहे! हा न्याय कोणत्या शहाण्याने केला देव जाणे. रान्वाला मात्र तो लहानपणापासून पसंत होता. शाळेत पोरं पायावरून चिडवायची, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मला झेंडा आहे. तुम्हांला कुठाय?"

यंदा पथकात खेळाडू एकच होती, ती स्वतः. त्यामुळे झेंडा तिनेच धरायचा, नाहीतर यजमान शहराचा एखादा स्वयंसेवक धरणार. आणि तिचा प्रशिक्षक, म्हणजे सख्खा थोरला भाऊ ट्रॉन्दुर, याने स्वयंसेवकाला परस्पर होकार कळवून टाकला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ठिणगी पडली. टेबलावर पाव आणि वाऱ्यावर वाळवलेलं मटण तसंच पडलेलं. ट्रॉन्दुर तिच्या गुडघ्याखाली मलम लावत होता, आणि सोललेली कातडी पाहून त्याचा आवाज चढत होता.

"अख्खा हिवाळा क्लाक्सविकच्या पोहण्याच्या तलावात घासलंय तुला मी. हे बघण्यासाठी? उद्घाटनाच्या दुसऱ्या सकाळी शर्यत आहे तुझी, डोकं ठिकाणावर आहे का?"

"पोहताना मी कृत्रिम पाय लावतच नाही."

"खांद्याचं काय? खांदे तर लावतेस ना? एक पोरगा झेंडा धरेल, तू शेजारून ऐटीत चाल. कुणाचं काय बिघडलं?"

"परक्या पोराने धरायचा?"

"काठी आहे ती, रान्वा. काठीला कापड."

रान्वाने पाय मागे ओढून घेतला. "तुला मिळाली असती ही काठी, तर गुडघ्यांवर रांगत नेली असतीस."

ट्रॉन्दुरने बोटांवरचं मलम फडक्याला पुसलं. तो एकदा ऑलिंपिकला पोहला होता, डेन्मार्ककडून. परत आला तेव्हा दुकानातली बाई पावाची पिशवी देता देता गोड हसून म्हणाली होती, "छान पोहलास हं डेन्मार्कसाठी." त्यानंतर त्याने शर्यतीसाठी पाण्यात उडी मारली नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नसे. रान्वा बोलली, आणि बोलल्यावर तिला वाईटही वाटलं. पण शब्द तिने मागे घेतले नाहीत.

"चर्चपासून धक्क्यापर्यंत," तो शेवटी मलमाच्या डबीला झाकण लावत म्हणाला. "एकदाही न पडता, आणि वारं असताना. जमलं तर धर. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही."

विदारेईत वारं नसताना म्हणजे कधी, हे त्यालाच विचारायला हवं होतं. रान्वा पडली, उठली, पुन्हा पडली. कुंपणांवर, चिखलात, एकदा तर हाइनीच्या अंगावर. पोहण्याचा सराव तिने एक दिवसही चुकवला नाही, कारण तेवढं निमित्त भावाला पुरलं असतं. हळूहळू तिला वाऱ्याच्या अंगावर रेलून चालायची युक्ती सापडली. चादर आपोआप फडफडायची, तिने फक्त दांडा सरळ धरून टिकून राहायचं. जुलैतल्या एका वादळी दुपारी ती धक्क्यावर पोचली. ट्रॉन्दुर तिथेच उभा होता, भिजलेला.

"धर मग," तो म्हणाला, आणि दांड्यावरून चादर सोडायला लागला.

दक्षिणेतल्या त्या तापलेल्या शहरात, उद्घाटनाच्या संध्याकाळी, रान्वाने खरा झेंडा पट्ट्याच्या वाटीत टेकवला आणि ट्रॉन्दुरला मागे घेऊन बोगद्यातून मैदानात पाऊल टाकलं. चार पावलं गेली, आणि तिने वर झेंड्याकडे पाहिलं.

वाराच नव्हता.

चारही बाजूंना माणसांच्या उंच भिंती, आणि झुळूक आत यायला फटसुद्धा नाही. झेंडा ओल्या टॉवेलसारखा दांड्याला चिकटून लोंबत होता. जगात वारा नसलेली जागा असू शकते, हे फेरोच्या माणसाला सुचावं तरी कसं! घड्यांतून थोडं लाल दिसत होतं, थोडं पांढरं. कुणालाही वाटलं असतं, डेन्मार्कचाच आहे.

पुढच्या देशाचा आडदांड गडी दोन्ही हातांनी झेंडा घुमवत चालला होता. रान्वाचा एक हात कुबडीत अडकलेला. शेजारचा स्वयंसेवक समजूतदार पोरगा होता. त्याने हसून हात पुढे केला. हा पोरगा झेंडा सहज, छान घुमवेल, हे तिला दिसत होतं. तिने त्याच्या त्या पुढे केलेल्या हातात कुबडी दिली.

"ट्रॉन्दुर, मागून माझा पट्टा धर."

"रान्वा, सकाळी शर्यत..."

"सकाळचं सकाळी बघू. धर!"

त्याने दोन्ही मुठींनी पट्टा धरला. तिने दांडा दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या अंगानिशी फिरवला. कृत्रिम पाय लटपटला, पट्ट्याला मागून हिसका बसला, ती सावरली. कापड सुटलं, उलगडलं, आणि निळ्या काठाचा लाल क्रूस भल्या मोठ्या पांढऱ्यावर पसरला. ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या देशाचं नाव घुमलं. भाऊबहीण तशीच चालत राहिली, एक पुढे, एक मागे, वेडीवाकडी. तिचे खांदे पेटले होते. ती थांबली नाही.

वळणावर तिला मागून हुंदका ऐकू आला.

"रडतोयस काय? नीट धर, पडेन मी."

"नाही रडत. तुझा झेंडा सारखा तोंडावर बसतोय."

"मग डोकं बाजूला घे."

"नाही घेत," ट्रॉन्दुर म्हणाला. "बसू दे. तू फिरव."