तख्ताच्या चार बाजू

चिन्मयीचा मोठा भाऊ अनुपम शहपुऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. मधुमेहाने त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आणि नोकरी सोडून तो जबलपूरला बहिणीकडे राहायला आला. उजेड कुठून येतो आणि समोर कोणी उभं आहे की नाही, एवढंच त्याला आता कळायचं. चिन्मयी रेल्वेच्या ऑफिसात होती, एकटीच राहायची. सकाळी दोघांचा स्वयंपाक, त्याचं इन्सुलिन, मग ऑफिस, येताना भाजी आणि औषधं. मधूनमधून रजा टाकून त्याला डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात न्यायचं. तिची तक्रार नव्हती. फक्त अलीकडे खुर्चीत बसली की तिला उठावंसं वाटत नसे.

अनुपमला एक नाद होता. डोळे चांगले होते तोवर कॉम्प्युटरवर गाव वसवायचा एक गेम तो खेळायचा आणि त्या गेमसाठी स्वतः वस्तू बनवायचा. हातपंप, उसाच्या रसाचा ठेला, नर्मदेच्या ग्वारीघाटावर पूजा सांगणाऱ्या पंड्यांचं असतं तसलं छत्रीवालं लाकडी तख्त, वर बसलेल्या पंडितजींसकट. कुठकुठले लोक त्या वस्तू इंटरनेटवरून फुकट उतरवून आपापल्या गावात मांडत आणि खाली दोन शब्द लिहीत. आताही रोज संध्याकाळी तो विचारायचा, "कोणी काही लिहिलं का?" आणि चिन्मयी पर्स बाजूला ठेवून वाचून दाखवायची.

एकदा कोणीतरी लिहिलं होतं की तख्त सुंदर आहे, पण फिरवता येत नाही. माझी नदी दुसऱ्या बाजूला आहे, त्यामुळे पंडितजी कायम नदीकडे पाठ करून बसतात.

चिन्मयीला हसू आलं. अनुपम हसला नाही.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "चारही बाजूंची चित्रं मी काढून ठेवली आहेत. फाइलमध्ये घालायची राहिली. तेवढ्यात डोळे गेले."

"राहू दे ना दादा. फुकटची चीज आहे. कोणाला काय फरक पडून राहिला?"

"मला पडून राहिला."

रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि तो शेजारच्या स्टुलावर. प्रत्येक वस्तूची एक एक्सएमएल फाइल होती. फाइल म्हणजे नुसता मजकूर, टोकदार कंसांत लिहिलेल्या ओळी. तख्ताच्या फाइलमध्ये एकच ओळ 'समोरून' अशी होती आणि तिच्यात एका चित्राचं नाव. तीच ओळ खाली उतरवायची, 'समोरून'च्या जागी 'उजवीकडून' करायचं, चित्राचं नाव बदलायचं. मग 'मागून', मग 'डावीकडून'. ऐकायला सोपं होतं. तिने सगळं केलं, फाइल सेव्ह केली, गेम उघडला, तर यादीतून तख्तच गायब.

"कुठेतरी कंस राहिला असेल. परत पाहा," अनुपम म्हणाला.

तिने परत पाहिलं, पण चूक काही सापडेना. अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली होती. धुतलेले कपडे मशीनमध्येच पडले होते, दुसऱ्या दिवसाची कणीक मळायची होती.

"हो, आलं," ती म्हणाली. "फिरून राहिलं."

"चारही बाजूंनी?"

"हो."

"अच्छा." तो स्टुलावरून थोडा पुढे झुकला. मग म्हणाला, "चिनू, वस्तू फिरवली की गेममध्ये टक असा आवाज होतो. मला ऐकू नाही आला."

तिने कीबोर्ड मागे सरकवला.

"थकली असशील. बंद कर आता," असं म्हणून तो उठला आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेला.

तिला राग आला, पण नेमका कोणावर ते कळेना. त्या आठवड्यात दोघांनीही तो विषय काढला नाही. संध्याकाळी ती घरात शिरली की तो दिवस कसा गेला ते विचारी, भाजी काय आणली ते विचारी, पण कोणी काही लिहिलं का, हे विचारीनासा झाला. त्याच्या त्या न विचारण्याने ती जास्तच थकून गेली.

पुढच्या रविवारी तिने आपणहून कॉम्प्युटर लावला.

"दादा, इकडे ये. तिकडे काहून बसला? मी एकेक ओळ वाचते, तू ऐक."

ती अक्षर न् अक्षर वाचू लागली, कंस, बिंदू, अवतरणचिन्हं सगळी. तो डोळे मिटून ऐकत होता.

"थांब. ही ओळ परत वाच. शेवटी तिरपी रेघ नाही म्हटली तू."

खरंच ती नव्हती. तिने रेघ घातली आणि तख्त यादीत परत आलं. नदीकाठी ठेवून तिने ते फिरवलं, तर आडवं झाल्यावर त्याचा अर्धा भाग पाण्यावर लटकला. अनुपमने विचार करून सांगितलं, की आडव्या बाजूंसाठी लांबी आणि रुंदीच्या आकड्यांची अदलाबदल करावी लागेल. तिने ती केली. आता चारही बाजूंना फिरवलं तरी तख्त काठावर नीट टेकलं. या खेपेला त्याने टक असे आवाज मोजले असावेत, कारण चौथ्यानंतर त्याने मान हलवली.

"मागून कसं दिसते?" त्याने विचारलं.

ती स्क्रीनजवळ वाकली. या वेळी तिने नीट पाहून सांगितलं. "छत्रीला ठिगळ आहे. आणि तख्ताखाली कोणाच्या तरी चपला ठेवल्या आहेत. एक उलटी पडली आहे."

"हो," तो म्हणाला. "समोरून त्या दिसतच नाहीत. आजवर कोणी पाहिल्या नाहीत."

ती फाइल वर चढवायला लागली, तसा तो म्हणाला, "खाली हिंदीत एक ओळ लिहून दे. नवीन वस्तू आता येणार नाहीत. जुन्या दुरुस्त करून देऊ."

"डॉक्टर तर म्हणून राहिले, अजून दोन इंजेक्शनांनंतर..."

"डॉक्टरांना त्यांचं काम करू दे. लोक वाट पाहतात ना, चिनू. कळवलेलं बरं."

तिने लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. मग खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

"हातपंप पुढच्या रविवारी घेऊ," ती म्हणाली.

"तुला जमलं तर."

जमेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. बाहेर भाजीचा ठेलेवाला हाका देत जात होता, घरात मेथी नव्हती, आणि तिला उठून दारापर्यंत जाण्याचाही कंटाळा आला होता. अनुपम शेजारी तसाच बसून होता. तिने त्याला जा म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही.