फ्लोरिनचा साचा

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात आल्बर्टने तीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या. हाताला सोन्याचं वळण, तोंड मात्र फटकळ. एखाद्या डॉक्टरने पेशंटचं जुनं माप पाठवलं की फोनवरच झापायचा, "हिरड्या झिजतात, डॉक्टर. नवीन माप घ्या." काम संपलं की साचे फोडून टाकायचा. ठेवला होता तो एकच, बायकोचा. प्लास्टरवर पेन्सिलीने लिहिलं होतं, फ्लोरिन.

आजारपणात फ्लोरिन वाळली आणि तिची कवळी सैल झाली. चारदा म्हणाली, "नवीन करून दे ना." हा म्हणायचा, "साचा हाय माझ्याकडं. कधीपण करीन." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कंटाळून तिने कवळी लावणंच सोडलं, आणि इस्पितळाच्या फेऱ्यांत ती कुठे हरवली ते कुणालाच कळलं नाही.

मंगळवारी सकाळी फ्लोरिन गेली. उत्तनच्या घरी तिची शवपेटी आली. मुलगी जोआन म्हणाली, "डॅडी, मम्मीचं तोंड पार बसलंय. उद्या सगळा गाव बघायला येईल. तिला तिचे दात द्या."

तो तडक गाळ्यात गेला. साच्यावर मेण चढवलं, एकेक दात लावला, पुढचा जरासा तिरका, तिचा होता तसाच. डोळे पुसत पुसत त्याने आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना खोलीबाहेर काढून त्याने कवळी लावून पाहिली. ती बसेना. हिरड्या निम्म्याही उरल्या नव्हत्या. त्याने कड घासली, परत लावली, परत घासली. ओठ काही मिटेनात. साच्यातली फ्लोरिन पाच वर्षांपूर्वीची होती.

मेहुणी शर्लिन दारात येऊन उभी राहिली. "भावोजी, राहू द्या आता. सहा महिने ती नुसती पेज पीत व्हती. म्हणायची, चावता येत न्हाय, पण आल्बर्टला सांगू नको, त्याला लय कामं हायेत."

तिला भूकच नाही असं समजून आल्बर्ट रोज ताटावरून तिच्यावर चिडायचा.

त्याने कवळी खिशात घातली. तिचा जबडा मिटून राहावा म्हणून हनुवटीखालून बांधलेला रुमाल पुन्हा सैल केला आणि तिच्या कानाशी वाकला.

"आ कर, फ्लोरिन," तो म्हणाला. "नवीन माप घेतो."