तीन विमाने न पाडलेले विमान

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. पण लगेच सलाम ठोकू नका, मी लढाऊ नाही. नव्या वैमानिकांना उडायला शिकवणे हे माझे काम. तुमच्या भाषेत, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. शिकणाऱ्याने मला धावपट्टीवर आपटायचे आणि आमच्या फिटरने, खडकीच्या बापूरावांनी, चाके तपासून नोंदवहीत सही करायची, असा आमचा बावीस वर्षांचा संसार. जे हाताने तपासले नाही, त्यावर बापूराव सही करत नसत.

निवृत्तीनंतर मला पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अभ्यासासाठी उभे केले. सुरुवातीला मुले माझ्याभोवती वह्या घेऊन फिरत. मग कॉम्प्युटर आले आणि विमानात रस फक्त अमेरिकेला निघालेल्यांना उरला. माझ्या पंखावर वसतिगृहाचे टॉवेल वाळू लागले. तक्रार नाही. निदान कोणी रोज येत होते.

पुढे माझ्या जागेवर कॉम्प्युटर विभागाची इमारत ठरली. दोन वर्षांत न्या, नाहीतर भंगारात देऊ, असे कॉलेजने कळवले. निवृत्त बापूरावांनी जुने सहकारी गोळा करून संग्रहालय काढायचे ठरवले. समिती एका दुपारात झाली. जागा मिळेपर्यंत मुदत संपत आली.

जागा दिली सूरजशेठनी. कोथरूडपलीकडे त्यांच्या भेंडीच्या शेतात आता सोसायट्या होत्या, त्यातलाच हा तुकडा. सोबत संगमरवरी पाटीही कोरून आणली: ‘या विमानाने शत्रूची तीन विमाने पाडली.’ समितीने हाच मजकूर कॉलेजच्या ताबापत्रात उतरवला. आता तंत्रज्ञ म्हणून बापूरावांची सही तेवढी राहिली होती. तो शनिवार होता. भंगारवाला सोमवारी येणार होता.

बापूरावांनी वाचले आणि पेनाला टोपण लावले.

“काका, तीनच लिहिलीत,” सूरजशेठ म्हणाले. “जास्त न्हाईत.”

“तीन जास्त आहेत.”

“मग एक करू.”

“शेठ, ही भाजी नाही.”

“अवो, सही नाय केली तर सोमवारी ह्याचे डबे होतील. लोक काय बघाया येणार मग?”

बापूराव माझ्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मला वाटले, करून टाका सही. मरणाच्या दारात माणसे खोटे बोलतात, मी तर पत्रा.

“मग ह्यानं केलं तरी काय?” शेठनी विचारले.

बापूरावांनी पिशवीतून जुनी नोंदवही काढून शेवटचे पान उघडले. “तीनशे अकरा मुलं शिकली यावर. सगळी धडपणे खाली उतरली.”

सूरजशेठ पाटीकडे बघत राहिले. त्यांची लेक निशा त्याच आठवड्यात स्कूटर शिकत होती, आणि ती घरी येईपर्यंत ते फाटकात उभे असत.

“हेच लिव्हा की मग,” ते म्हणाले. “पण दगड वाया घालवू नका. मागची बाजू कोरी हाय.”

ताबापत्र नव्याने लिहिले. बापूरावांनी आधी माझी चारही बाजूंनी तपासणी केली, मग सही.

आज माझ्यासमोर ती पाटी आहे. खरी बाजू तुमच्याकडे, पराक्रम भिंतीकडे. काही जण वाचून म्हणतात, “एवढंच?” म्हणू द्या. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण जपण्यासाठी त्यांना मोठे करू नका, नुसते पुसत जा.

बापूराव दर शनिवारी बसने येतात. मी आता कुठेही जाणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी चाकातली हवा बघतात आणि वहीत सही करतात.