आईचं नाव घाला

"काय पाहिलंत आज?" गाडीत बसता बसता वॉल्टर सरांनी विचारलं.

केरबानं गाडी सुरू केली. आखातातल्या या शहरात ड्रायव्हर म्हणून सरांना रोज बिन महमूद भागातल्या घरून विद्यापीठात नेता-आणता या प्रश्नाची त्याला सवय झाली होती. सर इंग्लंडचे, शिकवत इंग्रजी आणि लिहीत अतिवास्तववादी कविता. त्यांच्या कवितांत मासे छत्री घेऊन कचेरीत जात. असलं काही स्वप्नातच सापडतं, म्हणून भेटेल त्याला ते स्वप्न विचारत. सुरुवातीला केरबाला हा माणूस जरा सटकलेला वाटला होता. पण या परमुलखात त्याचं स्वप्न विचारणारं दुसरं होतं तरी कोण?

आदल्या दिवशी कोल्हापूरकडच्या गावाहून भावाचा फोन आला होता. "आईला न्हेलं रं. तू येस्तवर ठेवता येत न्हवतं."

"सर, आई गेली," केरबा म्हणाला. दोघांचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चाले. "पहाटे स्वप्नात आली. वेस्ट बेच्या समुद्रावरनं चालत होती, डोक्यावर वैरणीचा भारा. तिथल्या उंच टॉवरांना हाका मारत होती, म्हशींना मारतात तशा. याचा अर्थ काय, सर?"

सरांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"अर्थ मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण त्या तुमच्याकडे आल्या होत्या, एवढं खरं."

तेव्हा कुठे केरबाला रडू फुटलं. सर मागून उठून पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांचा तास बुडाला, तरी 'यल्ला', चला आता, असं म्हणाले नाहीत.

पुढे एकदा त्यांनी संकोचत विचारलं, "ते स्वप्न कवितेत घेऊ? तुमचं नाव सांगून घेईन."

"माझं नको. आईचं नाव घाला. बायडाबाई."

सर निवृत्त झाले तेव्हा विद्यापीठात त्यांचं काव्यवाचन झालं. केरबाला त्यांनी पुढच्या रांगेत बसवलं. इंग्रजी त्याला फारसं उमगत नव्हतं. पण मध्येच आईचं नाव आलं. 'ड' थोडा बोबडा, तरी स्पष्ट. पंचक्रोशीबाहेर ते नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. केरबानं बसल्या जागी सरांना हात जोडले.

वाचन संपलं, माणसं चहाकडे वळली. सरांची विद्यार्थिनी फरहा, मूळची हैदराबादची, त्याच्यापाशी आली. ते नाव येताच त्यानं जोडलेले हात तिनं पाहिले होते.

"बायडाबाई तुमच्या कोण, चाचा?"

"आई. गेली ती."

फरहा शेजारच्या खुर्चीवर बसली. गावी दुःखाला आलेली माणसं बसतात, तशी बसून राहिली.