चौदा नंबरचा गठ्ठा

लीना क्रॉसनं खसखशीचा केक केला होता आणि तो एनिडसाठी नव्हता.

नऊ वर्षं एनिड कर्कवुड दर गुरुवारी दोनच्या बसनं लीनाकडे येत होती. नऊ वर्षांत तिच्या पुढ्यात आली ती डब्यातली बिस्किटं, तीही मऊ पडलेली. आणि ही रोझलिंड पेल, जेमतेम चार महिन्यांपूर्वी मंडळात आलेली, हिच्यासाठी लीनानं एकोणऐंशीव्या वर्षी ओट्याशी उभं राहून खसखस वाटली. एनिडनं एक तुकडा खाल्ला. केक चांगला झाला होता, हे तर आणखीनच वाईट.

मंडळ म्हणजे इंग्लंडमधल्या हल शहराचं इतिहास मंडळ. चर्चच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमणारी वीस-बावीस माणसं, बहुतेक पेन्शनीत निघालेली. प्रत्येकाचा विषय ठरलेला. कुणाच्या ट्राम, कुणाच्या मासेमारीच्या बोटी, एकाचे तर नुसते दिव्याचे खांब. दुसऱ्याच्या विषयाला हात लावायचा नाही, हा तिथला कुणी न लिहिलेला कायदा. एनिडचा विषय होता जर्मन खाटीक. पहिल्या महायुद्धाआधी हलमध्ये डुकराच्या मांसाची आणि सॉसेजची कितीतरी दुकानं जर्मनांनी थाटली होती. युद्ध लागलं आणि कालपर्यंत उधारीवर सॉसेज नेणाऱ्या शेजाऱ्यांनीच त्यांच्या काचा फोडल्या.

त्यातलं एक दुकान लीनाच्या वडिलांचं, गॉटलोब क्रेसचं. लीना तेव्हा आठ वर्षांची होती. पोलीस वडिलांना घेऊन गेले, चार वर्षं बेटावरच्या छावणीत ठेवलं आणि युद्ध संपल्यावर परस्पर जर्मनीला धाडलं. आईनं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि क्रेसचं क्रॉस केलं. परदेशी माणसानं नाव बदलणं तेव्हा गुन्हा होता, म्हणून नवा पत्ता कुणाला कळू दिला नाही. कुणी विचारलंच तर आम्ही डेन्मार्कचे म्हणायची, आणि मायलेकी जर्मन बोलायच्या त्या दार लावून. वडिलांचं पत्र काही आलं नाही. "ज्याला यायचं असतं तो पत्ता शोधतो," एवढंच आई म्हणायची. शहाण्णव वर्षांची होऊन चार वर्षांपूर्वी ती गेली, तीही हेच म्हणत.

लीनाला जन्मभर एकच गोष्ट हवी होती. बापानं आपल्याला टाकलं की नाही, एवढं तिला कळायला हवं होतं. आणि एनिडला हवं होतं की ते लीनाला आपल्या तोंडून कळावं. आपल्याच. एनिड विधवा, मूलबाळ नाही, आठवड्यात कुणी वाट बघेल असा दिवस तो एकच.

आता रोझलिंडला लीनाच्या घरी नेलं कुणी? एनिडनंच. मिरवायला नेलं होतं, दुसरं काय. बघ, माझ्या जर्मनांतली शेवटची जिवंत बाई, असं दाखवायला. ही रोझलिंड बारा वर्षं जर्मनीत शाळामास्तरीण होती हे एनिडच्या ध्यानातच राहिलं नाही. रोझलिंड दारातच जर्मनमध्ये काहीतरी बोलली. लीनानं तोंडावर हात घेतला आणि ती खुदकन हसली. आई गेल्यापासून त्या भाषेत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. पुढचा तासभर दोघींचं जे चाललं, त्यात एनिड आपली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

"काय म्हणत होत्या त्या?" परतताना बसमध्ये तिनं विचारलं.

"अगं, दुकानातली गंमत. वडील तिला मोठ्या तराजूत बसवायचे म्हणे, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, हे ताजं आहे, पण विकायचं नाही."

हे लीनानं एनिडला कधी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांत सात वह्या भरल्या होत्या, पण त्या तराजूचं त्यांत नावसुद्धा नव्हतं. एनिडच्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

त्यानंतर पंधराच दिवसांनी रोझलिंडनं दप्तरखान्यात पोलिसांच्या कागदांची यादी बघायला घेतली. शहराचे जुने कागद जिथे ठेवतात त्या दप्तरखान्याचा एक नियम होता. मागवलेला गठ्ठा वाचून झाला नाही, तर तो आठवडाभर आपल्या नावानं राखीव फळीवर ठेवता येई. दर सोमवारी नवी चिठ्ठी भरली की आणखी आठवडा. तोवर दुसऱ्याला तो मिळत नसे. एनिडनं चौदा नंबरचा गठ्ठा राखीव करून ठेवला आणि दर सोमवारी, पावसापाण्यातसुद्धा, चिठ्ठी भरायला जाऊ लागली.

चौदाच का, तर त्याला कारण होतं. यादीत त्यावर लिहिलं होतं, "परकी रहिवासी, किरकोळ". एनिडनं तो ऐंशी साली, म्हणजे सहा वर्षांपूर्वी पाहिला होता. वरचे निम्मे कागद इंग्रजीत होते, ते तिनं वाचले. खालचे निम्मे जुन्या जर्मन वळणाच्या काटेरी अक्षरात होते. त्यांतलं एक अक्षर तिला लागलं नाही. नावसुद्धा लागलं नाही. मंडळात कुणी "मला वाचता आलं नाही" असं म्हणत नाही, जीव गेला तरी म्हणत नाही. वहीत "काही नाही" असं लिहायचं आणि पुढच्या गठ्ठ्याला लागायचं. एनिडनं तेच केलं. मग गुरुवारी लीनाकडे जाऊन सांगितलं, "चौदा नंबर सगळा चाळला. तुमच्या वडिलांचं काही नाही त्यात." लीनाची आई तेव्हा खिडकीशी बसलेली होती. तिनं नुसती मान हलवली, मला ठाऊकच होतं अशी.

तो कागदांचा ढीग आता रोझलिंडच्या हातात पडायला नको होता. त्यात काय आहे हे एनिडला ठाऊक नव्हतं. काहीच नसेल, असंही ती स्वतःला सांगत होती. पण असलं तर ते त्या बाईला सापडेल, आणि लीना पुन्हा तशी खुदकन हसेल, या विचारानं तिचा नुसता तिळपापड व्हायचा.

"चौदा नंबर तुझ्या नावावर दिसतोय," रोझलिंड एकदा चहाच्या टेबलाशी म्हणाली. "तुझं झालं की सांग ना."

"चाललंय अजून माझं."

"महिना झाला ग. नाहीतर असं करू, दोघी मिळून बघू. जर्मन कागद असतील तर माझी थोडी मदत..."

"तुम्ही यायच्या आधी नऊ वर्षं मला मदत लागली नाही," एनिड म्हणाली. "तुम्ही ट्राम का घेत नाही? ट्रामवाले हॅरल्ड गेल्यापासून विषय रिकामा आहे."

रोझलिंड हसली. तिचं हे असं हसण्यावारी नेणंच एनिडच्या डोळ्यांत खुपायचं. चिडली असती तर निदान तोलामोलाचं भांडण तरी झालं असतं.

सहा आठवडे हे असं चाललं. मग मे महिन्यातला सुटीचा सोमवार आला. दप्तरखाना बंद होता, आणि चिठ्ठी शनिवारीच भरायला हवी होती हे एनिडच्या डोक्यातूनच गेलं. मंगळवारी सकाळी ती दहा मिनिटं उशिरा पोचली. फळीवर गठ्ठा नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर तो सुटलेला होता, आणि त्यावर वाकलेली रोझलिंड चष्मा काढून डोळे पुसत होती. एनिड कोट न काढताच माघारी फिरली.

संध्याकाळी फोन आला.

"एनिड, अकरा पत्रं आहेत," रोझलिंड म्हणाली. "सगळी गॉटलोबची. एकोणीस ते तेवीस सालची, बायकोला लिहिलेली. जुन्या दुकानाच्या पत्त्यावर आली, तिथे कोण असणार? मग पोलिसांकडे गेली आणि पडून राहिली. मी त्यांच्या नकला काढून घेतल्यात. गुरुवारी लीनाला वाचून दाखवू. तुझा दिवस आहे, तू हवीसच. आणि हे बघ, गठ्ठ्याबरोबर जुनी चिठ्ठी आहे, तुझ्या सहीची, ऐंशी सालची. मी कुणाला बोलणार नाही."

एनिडला त्या रात्री अन्न गेलं नाही. लाज वाटत होती हे तर खरंच. पण त्याहून जास्त जाळत होतं ते हे, की आता आपली अब्रू त्या बाईच्या मुठीत आहे आणि ती मूठ झाकून धरायला निघाली आहे.

गुरुवारी रोझलिंडनं वाचायला सुरुवात केली. लीना दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मधूनमधून रोझलिंड एनिडसाठी सांगे. "म्हणतो, लीना आता बारा वर्षांची असेल, तिचे केस कापू नकोस... म्हणतो, भावाच्या घरात दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात... इथे म्हणतो, हे सहावं पत्र." शेवटचं पत्र चारच ओळींचं होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं, मी तुम्हाला नकोसा झालो असेन तर तेवढं तरी कळव, म्हणजे मी लिहायचं थांबेन.

लीना म्हणाली, "म्हणजे त्याला वाटलं, आम्हीच त्याला टाकलं."

"एनिडमुळे मिळालं हे," रोझलिंड चटकन म्हणाली. "गठ्ठा तिनंच राखून ठेवला होता. नाहीतर मला कुठे कळत होतं?"

लीनानं वळून एनिडचा हात धरला, घट्ट, दोन्ही हातांनी. "गुणाची ग माझी," ती म्हणाली.

नऊ वर्षं एनिड याच एका वाक्यासाठी बसनं येत होती. आणि ते आलं ते रोझलिंडनं वाढलेलं, भीक घातल्यासारखं. समोर ती बाई समजूतदारपणे खाली बघत बसलेली. एनिडला ते सहन झालं नाही. खरेपणा वगैरे काही नव्हतं त्यात. लीनाकडून मिळायचं ते त्या बाईच्या मेहेरबानीनं घ्यायला ती तयार नव्हती, एवढंच.

"मी ऐंशी सालीच पाहिलं होतं हे," ती म्हणाली. "हीच पत्रं माझ्या हातात होती. मला ते अक्षर वाचता येईना. वाचता येत नाही असं सांगायची लाज वाटली, म्हणून काही नाही म्हणून सांगितलं. आणि आता रोझलिंडला मिळू नये म्हणून गठ्ठा अडवून ठेवला."

"एनिड," रोझलिंड हळूच म्हणाली.

"ऐंशी साली," लीना म्हणाली. "आई होती तेव्हा."

"हो."

"चांगली दोन वर्षं होती त्यानंतर. बोलत होती, कानानं ऐकू येत होतं. मी तिला वाचून दाखवली असती." लीनानं हात काढून घेतले. आवाज चढवला नाही, एनिडकडे बघितलंही नाही. "रोझलिंड, पुन्हा वाच. पहिल्यापासून."

एनिडनं कोट चढवला. बटणं लावायला तिला फार वेळ लागला. दाराशी ती म्हणाली, "मग गुरुवारी..."

"गुरुवारी रोझलिंड येईल," लीना म्हणाली.

बसथांबा समोरच्याच फुटपाथवर होता. लीनाच्या आईला आठवून आपल्याला रडू यायला हवं, असं एनिडला वाटत होतं, आणि थोडं आलंही. पण नजर जात होती ती खिडकीकडे. आत दोन डोकी एका कागदावर वाकली होती. पावणेचारची बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली आणि बस जाऊ दिली. रोझलिंड किती वाजता निघते ते तिला बघायचं होतं.