वाळूच्या रंगाची अंडी

भाऊजींनी त्या बेटाचा अहवाल होडीत बसून लिहिला होता. बुटाला वाळूचा कण लागू न देता ठोकून दिलं होतं, 'निर्जन वाळू. घरटी नाहीत.' त्या एका ओळीच्या जोरावर आज दुपारच्या बैठकीत तिथे हॉटेल बांधायला परवानगी मिळणार होती.

ठिणगी त्यांची मेव्हणी. पक्षी मोजणं तिची नोकरी आणि नाकावर राग हा स्वभाव. आदल्या दिवशी तिने त्याच बेटाचे एकेचाळीस फोटो भाऊजींच्या टेबलावर आपटले होते. कार्यालयातल्या पाच जणांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि एकमुखाने सांगितलं, नुसती वाळू आहे. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? म्हणून सकाळी सातलाच तिने भाऊजींना होडीत घातलं.

समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये आडवं पडलेलं लांबलचक बेट. ना धक्का, ना पायवाट, ना सावली. गुडघाभर पाण्यात उतरून दोघं वर आले.

"माझ्या पावलांच्या ठशांवरूनच या," ती म्हणाली. "परततानाही तेच ठसे."

"अगं, एवढं काय आहे इथे?"

"तुमच्या डाव्या पायापाशी बघा."

भाऊजींनी बघितलं. काही दिसेना. तिने त्यांना गुडघ्यांवर बसवलं. चिखल्या नावाचा हा मुठीएवढा पक्षी काड्या गोळा करत बसत नाही. वाळूत टाचेएवढा खळगा करतो आणि त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी घालतो. भाऊजींना ती दिसली तेव्हा त्यांनी श्वास रोखला. मग ते गुमान तिच्या मागे चालू लागले. दहा वाजेपर्यंत एकोणचाळीस घरटी झाली. त्यातली दोन त्यांनी स्वतः शोधली आणि चेहरा असा खुलला की ठिणगीला वाटलं, आपण जिंकलो.

"बैठकीत तोंडी सांगून बघतो," भाऊजी म्हणाले. "लेखी मात्र फिरवता येणार नाही. सही झालीय माझी. फोटोत दिसत असतं तर गोष्ट वेगळी. माझी नोकरी गेली तर? तुझ्या थोरल्या बहिणीचा तरी विचार कर."

"ताईला मध्ये आणू नका. डोळ्यांनी बघितलंत ना? की तेही सहीनंतर बघितलं म्हणून चालत नाही?"

याच माणसाने तिला पहिली दुर्बीण आणून दिली होती. परक्याने असं केलं असतं तर तिने चार शिव्या हासडून विषय सोडला असता. इथे तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली आणि तरातरा होडीकडे निघाली.

"ठसे," मागून भाऊजी ओरडले. "अगं, ठशांवरून चल."

पायाखाली बारीक कुरकुर झाली.

तिला खाली बघायची गरज नव्हती. चार हातांवर चिखल्याची मादी पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत होती. शत्रूने आपल्या मागे यावं, अंडी वाचावीत म्हणून. वाचवायला आता काही उरलं नव्हतं. ठिणगीला रडू फुटलं, आणि स्वतःचा इतका संताप आला की रडणंही नको झालं.

भाऊजी एकेका ठशावर पाय ठेवत जवळ आले. "वाळू लोट वरून," ते हलकेच म्हणाले. "कोणाला कळणार नाही."

"तेच तर करताय तुम्ही सगळे."

तिने डोळे पुसले. पिवळा बलक वाळूत पसरला होता, त्यात टरफलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. तिने गळ्यातला कॅमेरा काढून त्यांच्या हातात दिला.

"हा फोटो दिसेल सगळ्यांना. काढा. माझा बूटही येऊ दे."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी."

"जाईल. अंडी फोडणाऱ्याला कामावर ठेवू नये हा नियम मीच लिहून घेतलाय."

तिने पाय हलवला नाही.

"खाली काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"घरटं एक. अंडी तीन. फोडली, अहवाल लिहिणाऱ्याच्या मेव्हणीने."

भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला.