इद्दत संपल्यावर

वहिदाची इद्दत संपून सात महिने झाले होते, तरी ती अजून घरातच होती.

नवरा मोहियोद्दीन गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे ती चार महिने दहा दिवस घरात बसली. त्यात नवल काही नव्हतं. तिची आई बसली होती, सासूही बसली होती. मुदत सरली त्या दिवशी गारखेड्याच्या बहिणीनं तिला जेवायला बोलावलं. वहिदा बुरखा घालून उंबऱ्यापर्यंत आली. गल्लीत एक टेम्पो मागं येत होता, माणसं ओरडत होती. तिच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की चौकट धरून ती खालीच बसली. "उद्या जाईन," म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही.

गल्लीनं याला वेगळंच नाव दिलं. समोरच्या शरीफा आपा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "ऐसी बीवी आज के जमाने में मिलती क्या? मियाँ के पीछे दुनिया छोड दी!" वहिदा मान खाली घालून ऐकायची. तारीफ गोधडीसारखी उबदार असते. तिच्याखाली भीती दडवली की लोकांना दिसत नाही, आणि हळूहळू आपल्यालाही दिसेनाशी होते.

सून तबस्सुम गुणी होती, आणि तेच वाईट झालं. "तुम्ही पडा अम्मी," म्हणत ती चहा अंथरुणात आणून द्यायची. वहिदा पडायची. बारा वाजता उठायची. कपडे कालचेच, केस परवाचेच. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळं अंघोळ टाळायला निमित्तही शोधावं लागत नव्हतं.

गुलमंडीत त्यांचं फॉल-पिकोचं दुकान होतं. एका शटरचं, चिंचोळं. मोहियोद्दीन पुढं लेस, अस्तर, बटणं विकायचा आणि वहिदा मागं मशीनवर साड्यांना पिको करायची. अठ्ठावीस वर्षं. आता शटर बंद होतं.

एके दिवशी जेवताना मुलगा साकिब म्हणाला, "अम्मी, मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण आलाय. एक तारखेपासून दुकान भाड्यानं मागतोय. तुम्ही तर आता काही बसणार नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो कंपनीत पाळीनं काम करायचा, त्याला दुकान बघणं शक्य नव्हतं. वहिदा म्हणाली, "दे." बोलून गेली, आणि ताट तसंच सारून उठली.

दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीहून भामाबाई आली. साड्यांना हातानं फॉल लावायचं काम ती या दुकानासाठी वीस वर्षं करत होती. चप्पल काढायच्या आधीच तिचं तोंड सुरू झालं.

"दुकान देणार म्हनं! कोन म्हनलं असं? तू?"

"आता कशाला दुकान भामाबाई? त्यांच्या आठवणीत बसलेय, तेवढं पुरे."

"खोटं नको बोलू. मोहियोद्दीनभाई तुला ताप आला तरी मशीनवर बसवायचा. लग्नसराईत तर जेवायला उठू द्यायचा नाय. त्याच्या आठवणीत दुकान बंद? कबरीत उठून बसंल तो!"

वहिदाला हसू फुटलं. हसता हसता ते फाटलं आणि ती रडायला लागली. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "उंबरा ओलांडला की जीव जाईल असं वाटतं." हे वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

भामाबाईनं तिला रडू दिलं. मग पदरानं स्वतःचंच नाक पुसून म्हणाली, "मंग असं बोल ना. माझा सखाराम गेला तव्हा मी दोन महिने चूल पेटवली नाय. लोक म्हनायचे, लई जीव होता गं नवऱ्यावर. जीव होताच. पण मी आजारी पण होते. करुणा डॉक्टरनं उभं केलं मला. गारखेड्यात बसती ती. तुला जाता येत नाय ना? फोनवर बोल. घे, आत्ताच लावते."

डॉक्टर करुणा अर्धा तास ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिदाबी, गोळी मी लिहून देते, साकिब घेऊन जाईल. पण अर्धं काम तुमच्याकडं आहे आणि ते रोज करावं लागेल. वेळेवर उठणं, अंघोळ, पोटात चार घास, अंगावर ऊन. त्यानं आजार पळत नाही, पण पाय ठेवायला जागा होते. मग उंबरा. भीती गेली की बाहेर पडेन, असं म्हणून बसू नका. तुम्ही बाहेर पडत राहा, भीती दमेल. आणि धडधडलं की घरात पळायचं नाही. उतरेपर्यंत तिथंच थांबायचं."

"आणि मेले तर?"

"या धडधडीनं कुणी मरत नाही. तरी छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढून घेऊ, म्हणजे तुमचा विश्वास बसेल."

छातीचा कागद काढायला माणूस घरी आला. कागद चांगला निघाला. एक तारखेला बावीस दिवस होते. "दुकान देऊ नकोस," वहिदा साकिबला म्हणाली. "एक तारखेपर्यंत थांब. मी चालत तिथं आले नाही, तर दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर ती परत आडवी झाली नाही. अंथरुणाची वळकटी केली आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर फेकली. "मी रडले तरी खाली काढून द्यायची नाही," तिनं तबस्सुमला बजावलं. चहाही स्वतः टाकला.

तबस्सुमचा चेहरा पडला. "लोक म्हणतील, सुनेनं सासूला कामाला लावलं."

"लोकांना माझ्याकडं पाठव."

अर्ध्या बादलीत अंघोळ होते हे ती विसरली होती. पाठ ओली होईपर्यंत पाणी संपलं, पण डोकं हलकं झालं. कपडे बदलले, केस विंचरले, भूक नसताना अर्धी पोळी चावली आणि गच्चीवर उन्हात जाऊन बसली. एवढ्यानंच दमली. बरं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वळकटीकडं बघून खूप रडली आणि मग लसूण सोलायला बसली.

चौथ्या दिवशी उंबरा ओलांडला. दाराबाहेर उभी राहिली, घामानं भिजली, पण थांबली. सहाव्या दिवशी किराणा दुकानापर्यंत गेली आणि तिथून पळत परत आली. फोनवर भामाबाई म्हणाली, "पळालीस? बरं. उद्या परत त्याच दुकानापोतर जायचं. पळालेल्या जागेवरूनच शिलाई धरायची." सातव्या दिवशी ती तिथंच उभी राहिली. दुकानदारानं तीनदा विचारलं, "काय देऊ?" शेवटी तिनं काडेपेटी मागितली. दहाव्या दिवसापर्यंत घरात पाच काडेपेट्या झाल्या.

पंधराव्या दिवशी ती गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर गेली. तिथं शरीफा आपा भेटल्या.

"अगे वहिदा! तू बाहर? हम तो सबको तेरी मिसाल देते!"

चक्कीवर चार-पाच बायका होत्या. सगळ्या बघायला लागल्या. वहिदानं डबा खाली ठेवला. हो म्हणून मान खाली घातली असती तर निभावून गेलं असतं.

"मिसाल मत दो आपा," ती म्हणाली. "मोहब्बत थी, वो अपनी जगह. पर घर में मैं डर के मारे बैठी थी. बीमार थी. इलाज चल रहा."

शरीफा आपांनी नाक मुरडलं. "आजकल सबको बीमारी हो जाती, बाबा." आपला डबा उचलून त्या निघून गेल्या. पुढं आठ दिवस गल्लीत वहिदाला बाहेरची हवा लागल्याची चर्चा होती. तबस्सुमला फार लागलं. वहिदाला मात्र त्या दिवसापासून जेवण जायला लागलं.

एक तारीख आली. साकिबनं सुट्टी घेतली होती. कव्हरं विकणारा तो माणूस अकरा वाजता दुकान बघायला येणार होता. "मी गाडीवर सोडतो," साकिब म्हणाला. "चालत येते," वहिदा म्हणाली.

गुलमंडीपर्यंत वीस मिनिटांची वाट. पंधरा मिनिटं नीट गेली. मग कापडाच्या दुकानांची रांग लागली. हॉर्न, हातगाड्या, खांद्याला खांदा. छातीत तेच सुरू झालं. डोळ्यांपुढं अंधारलं. ती एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसली. आतून पुंडलिकशेठ धावत आले. त्यांनी तिला ओळखलं.

"भाभी, पाणी घ्या. रिक्षा बोलावू? घरी सोडील तो."

रिक्षा समोरच उभी होती. तीत बसलं की पाच मिनिटांत घर, दार, अंधारी खोली.

"रिक्षा नको," वहिदा दात आवळून म्हणाली. "जरा बसू द्या. उतरेल हे."

"बसा की. पायरी तुमचीच आहे."

ती बसली. हात पायरीच्या थंड दगडावर घट्ट टेकले. समोरून गिऱ्हाईकं जात होती, त्यांच्या साड्यांचे काठ बघत राहिली. कुणाचा पिको उसवलेला, कुणाच्या फॉलला जाड दोरा. धडधड चढली, चढत चढत गेली, आणि एका ठिकाणी थकल्यासारखी थांबली. मग ओसरू लागली. पाणी पिऊन वहिदानं बुरखा झटकला आणि ती उठली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. तो माणूस टेपनं काउंटर मोजत होता. साकिब बाजूला उभा होता आणि भामाबाई पायरीवर फतकल मारून, दाराला लावलेल्या कुलपासारखी बसली होती.

"आली!" भामाबाई ओरडली. "अकरा वाजून वीस मिनिटं झाली गं! माझा जीव टांगलेला!"

"टेप गुंडाळा बाळा," वहिदा त्या माणसाला म्हणाली. "तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. दुकान द्यायचं नाही."

त्यानं साकिबकडं बघितलं. साकिबनं आईकडं. "अम्मी, रोज जमेल?"

"रोजचं आज नको विचारू. आज आलेय. उद्याचं उद्या सकाळी विचार."

तो माणूस गेला. मशीन आखडलं होतं, चाक फिरेना. वहिदानं तेल घातलं, पट्टा बदलला आणि पहिल्या साडीची कड पुरती वाकडी शिवली. ती उसवून परत बसली.

दुसऱ्या दिवशी साकिबची दुपारची पाळी होती, म्हणून तो घरीच होता. त्यानं खरंच विचारलं, "अम्मी, कसं वाटतंय?"

वहिदा उंबऱ्यापाशी चपला घालत होती. "छातीत धडधडतंय," ती म्हणाली. "सरक, वाट सोड. भामाबाई येऊन बसली असेल."